आम्ही सारे इंटरमीजिएट

ज्या माणसाची हयात सरकारी कचेरीत गेली, त्याला तुलनात्मक तक्त्याशिवाय कुठलाच निर्णय पचत नाही. कचेरीत केरसुण्या घ्यायच्या झाल्या तरी आम्ही तीन दरपत्रकं मागवतो, उभ्या-आडव्या रेघा मारतो, खाली ‘न्यूनतम दर’ असं लिहितो आणि साहेबांच्या सहीची वाट पाहतो. तोवर कचरा सगळ्यांच्या इतका ओळखीचा झालेला असतो की झाडायला मन होत नाही. घरी कूलर घेतला तेव्हाही मी असाच तक्ता केला होता. तक्ता पूर्ण झाला त्याच दिवशी मृगाचा पाऊस पडला.

त्यामुळे ‘यंदा बर्फावर स्कीइंग शिकायला जायचं’ असं घरात ठरलं, तेव्हा कोणता स्की-रिसॉर्ट नवशिक्यांना बरा आणि कोणता मध्यम तयारीच्या लोकांना बरा, हे पाहण्याचं काम कुणी न सांगताच माझ्याकडे आलं.

कोरपन्याचा माणूस आणि स्कीइंग, हे वाचून बाहेरच्या वाचकाला हसू येईल. येऊ द्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाला चिकटून आमचा तालुका. वर कापूस, सोयाबीन, तूर आणि खाली चुनखडी. चुनखडी आहे म्हणून सिमेंटचे कारखाने, कारखाने आहेत म्हणून ट्रक, आणि ट्रक आहेत म्हणून रस्त्याकडेच्या बाभळींवर बारमाही पांढरा थर. पांढरं म्हणून जे काही आम्ही जन्मभर पाहिलं, ते एक तर कापूस नाही तर सिमेंट. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो, जगातल्या सर्वांत उष्ण शहरांच्या यादीत आमचं नाव झळकतं, आणि त्या दिवशी आम्ही एकमेकांना पेपर दाखवत हिंडतो. दुसऱ्या कुठल्याच यादीत आमचं नाव इतक्या नियमानं येत नाही.

बर्फाचं खूळ घरात आणलं ते पोरानं. कूलरपुढे उताणा पडून तो म्हणाला, “बाबा, आपल्या जिल्ह्यातली पोरं एव्हरेस्टवर चढली. आपल्याला नुसतं घसरायलाही जमू नये?”

बोलणं खोटं नव्हतं. २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचं शिखर गाठलं. त्या पथकात आमच्या शेजारच्या जिवतीच्या आश्रमशाळेचीही मुलं होती. ती पोरं तिथं वर पोचत होती, तेव्हा आम्ही इथं कूलरच्या टाकीत पाणी ओतत होतो.

“चढायचं अवघड काम त्यांनी केलं,” सौ. म्हणाली, “आपण उतरायचं तरी करू.”

उतरणं हे चढण्यापेक्षा सोपं असतं, अशी आमच्या घराची त्या वेळेपर्यंत पक्की समजूत होती.

पहिला विचार अर्थातच सवलतीचा. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलत मिळते ती स्वग्रामाला जायला किंवा ‘महाराष्ट्र दर्शना’ला. आता महाराष्ट्रात बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत कधी दवबिंदू गोठतात तो. पेपरात त्याचा फोटो ‘मिनी काश्मीर’ म्हणून येतो. गाडीच्या टपावरचे ते हिमकण बोटानं गोळा करून लोक एकमेकांना दाखवतात. त्याच्यावरून घसरायचं तर उतारू करंगळीएवढा हवा. आमच्या घरात त्या मापाचं कुणी नाही. सवलत बाजूला ठेवली आणि भविष्य निर्वाह निधीकडे पाहिलं.

बातमी गावात फुटली आणि सल्लागार गोळा झाले. आमच्याकडे ज्या गोष्टीचा अनुभव कुणालाच नसतो, तिच्यावरचा सल्ला सर्वांत भरघोस मिळतो.

कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले, “स्कीइंग म्हंजे नेमकं काय जी?”

“पायाला लांब पट्ट्या बांधायच्या न् बर्फावरून घसरत खाली यायचं.”

“न् पैसे कोन देते?”

“आपणच.”

“बाप्पा! मंग पावसाळ्यात आमच्या धुऱ्यावर या ना. काळ्या मातीत फुकट घसरवतो. पट्ट्याही नाई लागत.”

निवृत्त गुरुजी जास्त गंभीर होते. “गुलमर्ग नको. औलीलाच जा.”

“तुम्ही औलीला गेला होता, गुरुजी?”

“नाही. पण मी गुलमर्गलाही गेलेलो नाही. म्हणून निःपक्षपातीपणे सांगू शकतो.”

मेडिकलवाल्यानं ठिकाणाबद्दल मत दिलं नाही. त्यानं फक्त माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि क्रेप बँडेजची पट्टी काउंटरवर ठेवली. “घेऊन जा. लागलं नाही तर परत करा.”

या सगळ्यांवर कडी केली नागपूरच्या मेहुण्यानं. तो पूर्वी एका टूरबरोबर गुलमर्गला जाऊन आलेला. तिथं तो लाकडी स्लेजवर बसला, पुढून एका माणसानं दोरीनं ओढलं, आणि उतरल्यावर कुणाच्या तरी स्कीच्या काठ्या हातात धरून यानं फोटो काढून घेतला. तो फोटो त्याच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावला आहे. पाहुणे ‘व्वा’ म्हणत गेले आणि फोटो जुना होत गेला तसतशी त्याची स्कीइंगची तयारी वाढत गेली.

“भाऊजी, तुम्ही लोक नवशिके,” तो फोनवर म्हणाला. “माझं सोडा, मी इंटरमीजिएट आहे. तक्ता करताना दोन्हींची सोय बघा.”

मग मी तक्ता आखला. तीन दरपत्रकं: गुलमर्ग, औली, सोलंग. रकाने पाच: उंची, उतार, लिफ्ट, शिक्षक आणि शेरा. सौ.नं सहावा रकाना वाढवला, ‘भाकरी मिळते का’. आईनं सातवा सांगितला, ‘देवस्थान’.

गुलमर्गचं पान तर भरता भरेना. नुसता पायथाच २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर. समोरच्या कुरणात बाळउतार आहेत. तिथं घसरलं तर माणूस फार लांब जात नाही आणि फार लवकर लोकांच्या नजरेआडही होत नाही. त्याच्यावर गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे डबे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तो १९९८ साली सुरू झाला. दुसरा २००५ साली. तो अफरवटच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. पहिल्या टप्प्यावरून ज्याला नीट वळता येतं त्यानं उतरावं. दुसऱ्या टप्प्यावरचा उतार कुणी यंत्रानं दाबून सपाट केलेला नसतो. भुसभुशीत खोल बर्फ, मोकळा डोंगर आणि हिमकडे कोसळण्याची भीती. जगभरचे तरबेज लोक त्याच्यासाठी येतात. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान. तो याच भागातला. थोडक्यात, गुलमर्गला पायथा नवशिक्यांचा, माथा उस्तादांचा आणि मधल्यांची मध्येच कुठेतरी ओढाताण. शेऱ्यात मी लिहिलं, ‘मध्यमवर्गाची गैरसोय’. ही परंपरा सर्वत्र आहेच.

औली मधल्यांसाठी चांगली निघाली. उत्तराखंडात जोशीमठाच्या वर, २,५०० पासून ३,००० मीटरपर्यंत रुंद, एकसारखे उतार, बाजूला झाडी, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधलं स्कीइंग इथं झालं. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालतात, खुर्च्यांची लिफ्ट आहे. बर्फ मात्र इथं सरकारी अनुदानासारखा: येतो, पण कधी आणि किती ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून कृत्रिम बर्फ फवारणारी यंत्रं आणून बसवली. तरीही बर्फाअभावी स्पर्धा रद्द करायची पाळी आलेलीच आहे. जोशीमठहून वर जाणारा चार किलोमीटरचा रोपवे हे मोठं आकर्षण होतं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा तो बंद करावा लागला. आणि ऋषिकेशपासून तिथवर अडीचशे किलोमीटरचा घाट. आमच्या सौ.ला माणिकगडाच्या घाटातच लिंबू हुंगावं लागतं.

पण आईच्या रकान्यात औलीला पैकीच्या पैकी. “बद्रीनाथ जवळ आहे म्हणते ना?”

“आहे. पण हिवाळ्यात देऊळ बंद असतं, आई.”

“न् तुमी हिवाळ्यात चालले?” आईनं आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. “देव खाली उतरून येते थंडीचा, न् हे वर चालले.”

राहिलं सोलंग. मनालीपासून तासाभराच्या आत, साधारण अडीच हजार मीटरवर. उतार छोटे, सौम्य, पडायला सोयीचे. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे वर्ग हिवाळ्यात इथं भरतात. १९६१ सालची ही संस्था, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. शेजारच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर. २०१८ च्या जानेवारीत तुर्कस्तानात तिनं ब्राँझ जिंकलं. स्कीइंगमध्ये भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं. शर्यत स्लॅलमची होती. स्लॅलम म्हणजे रोवलेल्या खांबांमधून डावी-उजवी वळणं घेत सुसाट खाली यायचं. हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे राजुरा ते कोरपना, मोटारसायकलवर, ट्रक चुकवत. त्यात काय आहे? त्यांचे खांब तरी जागेवर उभे असतात.” सोलंगचा दोष एकच, गर्दी. एकाच उतारावर स्कीवाले, स्लेजवाले, स्नो-स्कूटरवाले, मॅगीवाले, आणि वरून पॅराग्लायडिंगवाले उतरत असतात. देवस्थानाच्या रकान्यात मी मनालीचं हिडिंबेचं देऊळ टाकलं. आई म्हणाली, “भीमाची बायको का? चांगलं आहे. पन गुडघ्याला ती काय करन?”

नारकंडा आणि कुफ्रीही सुचवली गेली, पण दरपत्रकं तीनच असतात. चौथं आलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतो.

तक्ता पूर्णत्वाला आला असताना म्युनिकहून पुतणीचा फोन आला. तिथं गेल्यापासून ती दर हिवाळ्यात आल्प्समध्ये जाते. तिनं तक्ता ऐकला आणि पोटभर हसली.

“काका, इकडे ठिकाणाला विचारत नाहीत, उताराला विचारतात. प्रत्येक उताराला रंग असतो. निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळी चौकट.”

“लाल म्हणजे मध्यम?”

“हो.”

“आमच्याकडे लाल म्हणजे एसटी. ती कुठल्याही उतारावर चालते.”

मग तिनं फ्रान्समधल्या ‘थ्री व्हॅलीज’बद्दल सांगितलं. एका पासवर ६०० किलोमीटर उतार. मी मनात हिशेब केला. कोरपन्याहून नागपूरला जायचं, परत यायचं आणि काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा जायचं, तेही पूर्ण वेळ घसरत. एवढ्या घसरगुंडीचा पास कितीला पडतो हे तिनं युरोत सांगितलं आणि मी लगेच लाइन खराब असल्याचं सांगितलं.

पण फोन ठेवण्याआधी तिनं एक फार महत्त्वाची गोष्ट विचारली. “काका, तुमची पातळी कोणती?”

इथं खरी अडचण सुरू झाली. मराठी माणूस कुठल्याही विषयात नवशिका नसतो. तो थेट मधूनच सुरू होतो. पेटी वाजवता का? थोडीफार. बुद्धिबळ? मोहरी हलवतो. तेलुगू? कामापुरती. पोहणं? विहिरीत शिकलोय. गाडी? गिअरची कल्पना आहे. ‘थोडंफार येतं’ ही आमची जन्मजात पातळी. ज्याला काहीच येत नाही तो ‘थोडंफार येतं’ म्हणतो आणि ज्याला खरंच येतं तोही विनयानं तेच म्हणतो. त्यामुळे कोरपना तालुक्यात कुणाला काय येतं याचा थांगपत्ता आजवर लागलेला नाही. सारे मध्यम.

“मी तसा… मधला समज,” मी म्हणालो. “बर्फावर नाही, पण एकूण.”

“काका, निळ्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून, न पडता वळता आलं, आणि पाहिजे तिथं थांबता आलं, तर इंटरमीजिएट. पाहिजे तिथं थांबता आलं पाहिजे, हे विसरू नका. आणि दुकानात खोटं सांगू नका. बूट स्कीला ज्या कुलपानं अडकवतात ना, त्याचा ताण तुमचं वजन, उंची, वय आणि पातळी बघून लावतात. नवशिक्याचा ताण कमी, म्हणजे पडलात की स्की पटकन पायातून सुटते. तुम्ही उगाच तरबेज म्हणून सांगितलंत तर ती सुटत नाही. मग स्कीच्या जागी गुडघा सुटतो.”

मी हे मेहुण्याला जसंच्या तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं: “माझे गुडघे इंटरमीजिएट आहेत.”

आता तारखा. इथं असं लक्षात आलं की बर्फ आणि सरकारी रजा यांची पत्रिकाच जुळत नाही. आम्हाला सुटी दिवाळीत, तेव्हा बर्फ पडलेला नसतो. पोरांना सुटी मे महिन्यात, तेव्हा बर्फ वितळलेला असतो. बर्फ असतो डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. कुठल्या तरी गावच्या पाणंद रस्त्यावर तारांकित प्रश्न येतो आणि आमच्या रजा रद्द होतात. जानेवारीत भावाच्या शेतात कापसाची वेचणी, मजूर मिळत नाहीत. फेब्रुवारीत बारावी. मार्चमध्ये मार्चअखेर. वर्षभर न खर्चलेला निधी त्या एका महिन्यात संपवण्याची आमची जी शर्यत लागते, तिचा वेग पाहिला तर ऑलिंपिकवालेही चकित होतील. शेवटी २६ जानेवारीचं झेंडावंदन आटोपून निघायचं ठरलं. रजेच्या अर्जात कारण काय लिहावं? ‘घसरण्यासाठी’ लिहिलं असतं तर साहेबांनी ‘सेवेत की रजेत?’ असा शेरा मारला असता. ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं.

आणि मग तक्त्याचं जे नेहमी होतं तेच झालं. गुणांकनात सोलंग पहिलं, औली दुसरी, गुलमर्ग तिसरं. मेहुण्यानं गुलमर्गची तिकिटं आधीच काढून टाकली होती.

सामानात सौ.नं तिळाची चटणी, ठेचा आणि तिखट पुऱ्या घेतल्या. मेहुण्यानं खर्ऱ्याच्या पुड्या घेतल्या. आईनं निघताना प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला.

“आई, कांदा उन्हाचा. तिकडे थंडी आहे.”

“राहू दे. थंडीत खाता येते.”

बल्लारशाहला गाडीत बसलो आणि कांद्यासकट काश्मिरात पोचलो. टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. ते चढवल्यावर आमच्यात नवरा कोण आणि मेहुणा कोण, हे सौ.ला आवाजावरून ओळखावं लागलं. पुढे चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपनं वर. आणि मग तो पांढराशुभ्र देखावा. पोरगं डोळे विस्फारून म्हणालं, “बाबा, एवढं पांढरं!” मेहुणा म्हणाला, “आणि कारखाना एकही नाही.”

स्कीच्या दुकानात दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, “वज़न?”

मेहुण्याचं वजन चारचौघांत बोलण्याजोगं नाही. त्यानं लग्नात जे होतं ते सांगितलं. दुकानदारानं त्याच्या कोटाच्या बटणांकडे पाहिलं, स्वतःशीच काही आकडे जुळवले आणि दुसरंच काही तरी मांडलं.

“लेवल?”

“इंटरमीजिएट.”

दुकानदारानं “अच्छा” म्हटलं. पिढ्यानपिढ्या पर्यटक पाहिलेला माणूस ज्या सुरात ‘अच्छा’ म्हणतो, त्यात माणसाचं पूर्ण मूल्यमापन असतं. मीही ‘थोड़ा-बहुत’ असं म्हणालो. सौ. म्हणाली, “भैया, मला काहीच येत नाही. पहिल्यापासून शिकवा.” दुकानदाराच्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं समाधान दिसलं.

स्कीचे बूट घालणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार मानावा अशी माझी सूचना आहे. पाय आत जाण्यासाठी ज्या शक्ती लावाव्या लागतात, त्या लावताना मी दुकानदार, मेहुणा आणि एक खांब यांना आळीपाळीनं मिठी मारली. पाय एकदाचा आत गेला की घोटा संपतो. मग माणूस पुढे झुकूनच उभा राहू शकतो. साहेबांपुढे इतकी वर्षं त्याच कोनात उभा राहिल्यामुळे हा भाग मला चटकन जमला.

बाळउतारावर आमचे शिक्षक, वीस-बावीस वर्षांचा एक काश्मिरी पोरगा. शिकवण्याची रीत सोपी. स्कीची टोकं पुढे जवळ, शेपट्या मागे लांब, इंग्रजी व्ही उलटा. आतल्या कडांवर जोर दिला की वेग कमी होतो. थांबायचं तर मागची फाक आणखी रुंद करायची. गुडघे पुढे, नजर पुढे. पडायचंच झालं तर कुशीवर पडायचं, मागे बसायचं नाही.

“साहब, घुटना आगे! नीचे मत देखो!”

मी खाली न पाहता निघालो. खाली माझ्या व्हीचा एक्स झाला होता. टोकं एकमेकांवर चढली की माणूस कुठं जातो याचा नियम नाही. मी प्रथम डावीकडे, मग मागे, मग कुणा पुण्याच्या गृहस्थांच्या अंगावर गेलो. ते आधीच उताणे पडलेले होते आणि त्या अवस्थेतून आपल्या पत्नीला मार्गदर्शन करत होते. “अगं, गुडघे वाकव, गुडघे!” मी वर पडल्यावर त्यांनी मलाही तेच सांगितलं.

“तुम्ही किती वर्षं करताय?” मी विचारलं.

“आज सकाळीच आलो. पण एकंदरीत इंटरमीजिएट.”

ओळख निघाली. त्यांचे साडू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात होते. आम्ही पडल्या पडल्या उन्हाळ्यावर बराच वेळ बोललो. तेवढ्यात शाळकरी वयाची स्थानिक पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी सूंऽऽ करत निघून गेली.

इकडे सौ. दुपारच्या आत उतार उतरायला लागली होती. सावकाश, पण पाहिजे तिथं थांबत. याचं कारण मी शोधलं, ते असं. शिक्षक तिला जे सांगत ते ती करत होती. मी मात्र शिक्षकांना विचारत होतो, “औलीतही असंच शिकवतात का? सोलंगला काठ्या देतात, तुम्ही का देत नाही?” माझा एक प्रश्न संपेपर्यंत तिच्या दोन फेऱ्या होत होत्या. पोरगं तर शिक्षकांचंही ऐकत नव्हतं. पडत होतं, उठत होतं. त्याला पडण्याची लाज नव्हती. ती वयाबरोबर येते आणि मग गुडघ्यांपेक्षा जास्त दुखते.

मेहुण्यानं बाळउताराकडे पाहूनच नाक मुरडलं होतं. “हे लहान पोरांचं आहे.” स्की खांद्यावर टाकून तो गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर गेला. वर काय घडलं याला आमच्यापैकी कुणी साक्षीदार नाही. आम्हाला एवढंच ठाऊक आहे की तो गोंडोलाच्या डब्यातूनच परत आला, स्की तशाच खांद्यावर, त्यांच्या तळाला बर्फाचा कणही लागलेला नाही, आणि धाप लागलेली.

“काय झालं?”

“काही नाही, भाऊजी. आज बर्फाची प्रत बरोबर नाही.”

त्यानं खिशातून कांदा काढला आणि मुकाट्यानं खाल्ला. कळसूबाईच्या दुपटीहून उंच जाऊन आलेल्या माणसाला कुणी जास्त विचारत नाही. फोटो मात्र वर काढले आहेत. दिवाणखान्यातली जुनी फ्रेम आता उतरेल आणि तो इंटरमीजिएटवरून बढती घेऊन तज्ज्ञ होईल.

कोरपन्यात परतल्यावर सल्लागार मंडळी वाट पाहतच होती. माझा पाय जरा वाकडा पडत होता. मेडिकलवाल्यानं बँडेजचे पैसे आधीच मांडून ठेवले होते. गुरुजी म्हणाले, “औलीला गेला असता तर असं झालं नसतं.” कृषी केंद्रवाल्या भाऊंनी पुन्हा धुऱ्याचं आमंत्रण दिलं. आणि सगळ्यांनी एकच विचारलं, “मंग, येते का आता स्कीइंग?”

“थोडंफार,” मी म्हणालो.

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. कोरपन्यात पाहिजे तिथं थांबणारी ती एकटीच, म्हणून ती काही बोलली नाही.

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी तक्त्याचा निकाल देतो. अगदी नवशिक्यांनी सोलंगला जावं, किंवा गुलमर्गला जाऊन पायथ्याशीच राहावं. ज्यांना वळता आणि थांबता येतं त्यांनी बर्फाची खात्री करून औलीला जावं. गुलमर्गचा दुसरा टप्पा बघायला सुंदर आहे, तो बघून डब्यातूनच खाली यावं. तासाभराच्या भाड्याच्या स्कीवर फोटो येतो, स्कीइंग येत नाही. त्यासाठी आठवडा-दोन आठवड्यांचा वर्गच लावावा. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, औलीला निगमाचे वर्ग आहेत. मनालीच्या संस्थेत तर प्राथमिक वर्ग, मग मध्यम वर्ग, मग प्रगत वर्ग अशी पायरी आहे. ‘थोडंफार येतं’ असा वर्ग मला कुठेच सापडला नाही. तेव्हा माझं ऐका: वजन खरं सांगा, विमा उतरवा, आणि फॉर्मवर पातळी विचारली तर सरळ ‘नवशिका’ लिहा. तिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं. आणि असलंच, तर ते आधीच उताणं पडलेलं असतं.